थांग्याच्या दारचा पोळा

भिकननाना आमच्या घरी आले की आधी वस्तूंची विचारपूस करायचे, मग माणसांची. दारात चपला काढता काढता त्यांची नजर घरभर फिरायची आणि कालपर्यंत नसलेली एखादी गोष्ट दिसली की ते तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे. आमच्याकडे नवा मिक्सर आला तेव्हा त्यांनी त्याला प्रदक्षिणा घातली, वाकून खालचा नंबर वाचला आणि मला विचारलं, "हा कुणाचा?"

"आमचाच, नाना."

"आमचाच म्हणजे कधीपासून?"

"परवापासून."

"आणि परवाच्या आधी कुणाचा होता?"

दुकानाची पावती दाखवली तेव्हा कुठे ते खुर्चीवर टेकले. मग सावकाश म्हणाले, "हं. आता सांगा, पोरं कशी आहेत?"

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलनीत सगळ्यांनाच याची सवय झाली होती. ऐंशीच्या दशकाचा शेवट चालला होता. घरोघर रंगीत टीव्ही, कुलर, लोखंडी कपाटं येत होती आणि नानांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कुणी काही नवं आणलं की पेढ्यांच्या आधी पावती शोधून ठेवायची, हा आमचा शिरस्ताच पडला होता. समोरच्या वाणीकाकूंच्या नातवाच्या बारशाला नाना गेले. पाळण्यात वाकून त्यांनी आधी चांदीचे वाळे तपासले, मग बाळाकडे बराच वेळ बघून काकूंना सांगितलं, "हा तुमचाच. नाकावरून कळतं." काकूंना हसावं की रागवावं हे पुढचे दोन दिवस ठरवता आलं नाही.

नाना पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा भुसावळला रेल्वेत. एकटे राहायचे, स्वतःची भाकरी स्वतः थापायचे आणि ती माझ्यापेक्षा गोल असायची. सगळी नोकरी त्यांनी चोऱ्यांच्या तपासात काढली होती. मारामाऱ्यांचं त्यांना काही वाटत नसे. "दोन माणसं भांडली, एकाचं डोकं फुटलं, त्यात शोधायचं काय?" असं म्हणून ते विषय संपवायचे. चोरावरही त्यांचा राग नव्हता. त्यांचा सगळा राग राखून ठेवलेला होता तो चोराकडून माल घेणाऱ्यावर.

"चोराला मी जेवायला वाढीन," नाना म्हणायचे. "थांग्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. मास्तरीणबाई, तुम्ही विचार करा. चोरानं तांब्याचा हंडा चोरला. तो हंडा काय खाणार आहे तो? घेणारा बसलाय म्हणून चोरणारा उठतो. थांगी नसता तर बठ्ठे, सगळेच्या सगळे चोर आठ दिवसांत निंदणीला गेले असते."

थांगी हा शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. मनाचा थांग ऐकला होता, थांगपत्ता ऐकला होता. थांगी म्हणजे चोरीचा माल घेणारा, घरात दडवणारा आणि पचवणारा माणूस. सरकारी कागदावर त्याला लांबलचक वर्णन आणि कलम चारशे अकरा असतं. नानांना मात्र तो जुना शब्दच हवा असायचा. तो उच्चारताना ते दातांखाली खडा आल्यासारखं तोंड करायचे.

दुसऱ्याची वस्तू सूर्य मावळल्यावर घरात ठेवायची नाही, हा त्यांचा नेम होता. मी वाटीभर गुळांबा पाठवला की वाटी तासाभरात धुऊन परत. शेजारधर्माप्रमाणे तीत काहीतरी घालून पाठवावं, तर तेवढा धीर त्यांना नसे. एकदा आमच्या ह्यांची छत्री त्यांच्याकडे राहिली. हे पांझरेच्या पलीकडे कचेरीत होते. नाना छत्री द्यायला निघाले आणि पुलावर पावसानं त्यांना गाठलं. नाना कचेरीत पोचले ते नखशिखांत भिजून, छत्री बगलेत मिटलेली. उघडली का नाही असं ह्यांनी विचारलं. "तुमची छत्री मी कशी वापरणार?" नाना म्हणाले. "मी फक्त पोचवायला निघालो होतो." पुढे आठवडाभर त्यांना मीच काढा करून दिला आणि प्रत्येक वेळी मी पेला घेऊनच परतले, तो राहिला असता तर आजारी माणूस उठून देऊन गेला असता.

आता हे सगळं वेड कुठून आलं, ते त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. ओळख होऊन वर्षही झालं नसेल, एके दुपारी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आपणहून सांगितलं. गाव पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीच्या अंगाला. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तपास चालू असताना ठिकाण उघड करायचं नसतं असं त्यांनी मला बजावलं होतं.

"त्या गावात आमचं घर आहे," नाना म्हणाले. "त्या घराला थांग्याचं घर म्हणतात. थांगी म्हणजे माझे वडील."

झालं होतं असं. नाना रांगत होते तेव्हा त्यांच्या वडिलांच्या गोठ्यात चोरीचे बैल सापडले. वडिलांना धरून नेलं, शिक्षा झाली, आणि सुटून आल्यावर ते फार जगले नाहीत. गावानं त्या घराला वाळीत वगैरे टाकलं नाही. पाणी भरू दिलं, लग्नाला बोलावलं, अंत्यविधीला खांदा दिला. एकच गोष्ट केली. पोळ्याच्या दिवशी त्या दारात बैल नेणं बंद केलं.

ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी बैलाला जू नाही, चाबूक नाही. नदीवर धुवून, शिंगं रंगवून, झूल घालून सगळे बैल वेशीत आणतात. मानाचा बैल तोरणाखालून पहिला निघतो आणि मग गावातले बैल घरोघर जातात, ज्याच्याकडे बैल नाही त्याच्याही दारात जातात. घरची बाई त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणाची पोळी चारते. आपल्या दारात बैल येणं म्हणजे आपण गावात असणं. मात्र थांग्याच्या दारात बैल नेला तर तो वर्षाच्या आत हरवतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ते तसंच राहिलं. साठच्या वर वर्षं झाली. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत बैल येतात आणि वळतात.

त्या घरात नानांची थोरली बहीण राहते. सगळे तिला अक्का म्हणतात. लग्न होऊन गेली, ऐन तारुण्यात कपाळ पुसलं, परत त्याच घरी आली. दर पोळ्याला ती खापरावरच्या पुरणपोळ्या करते, ताट तयार ठेवते, आणि संध्याकाळी मातीच्या बैलांना ओवाळून त्या पोळ्या शेळीला घालते. तिच्या शेळीनं जेवढं पुरण खाल्लं तेवढं अख्ख्या तालुक्यात कुण्या माणसानं खाल्लं नसेल, असं ती स्वतःच सांगते.

"मला काही नको," नाना म्हणाले. "पेन्शन आहे, पोरगा आहे. अक्काच्या दारात एक बैल उभा राहायला पाहिजे. ती आहे तोवर."

आणि त्यासाठी नानांनी जो मार्ग धरला होता तो फक्त भिकननानांनाच सुचू शकतो. वडिलांवरचा डाग पुसायचा तर आधी त्या शब्दावरचा पुसायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. "थांग म्हणजे माग. बरोबर? थांग लागला म्हणजे माग लागला. मग थांगी म्हणजे माग काढणारा. म्हणजे मूळचा हा शब्द आमच्या खात्याचा आहे, बाई. चांगला शब्द. तो मध्येच कुठेतरी बिघडला. कुठे बिघडला ते मला शोधायचंय. माझे वडील मूळच्या अर्थानं थांगी असणार. हरवलेले बैल दारात बांधून मालकाची वाट बघत असतील बिचारे, आणि आमच्याच लोकांनी पकडलं."

मी शाळेत हिंदी शिकवते, म्हणून या तपासात माझी नेमणूक झाली. नाही म्हणायची सोय नव्हती. नाना रोज शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहायला लागले आणि मुलींना वाटायला लागलं की बाईंना पोलिसांनी धरलंय.

शाळेच्या वाचनालयातल्या मोठ्या हिंदी कोशात तो शब्द निघाला. त्यात चोरीचा माल घेणारा हा अर्थ होता, आणि खाली चोरीच्या मालाचा पत्ता लावणारा हाही अर्थ होता. मी खुशीत नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चोरटा वर आणि माग काढणारा खाली? ही सेवाज्येष्ठता कुणी लावली?"

मी म्हटलं, नाना, कोशात असंच असतं, जो अर्थ जास्त चालतो तो आधी देतात. ते म्हणाले, "जास्त चालतो तो पहिला, असा न्याय असेल तर जेलमधले सगळे पहिले." कोश छापणाऱ्यांना क्रम बदलायला सांगा म्हणून ते महिनाभर माझ्या मागे होते.

मग मी त्यांना देवपुरातल्याच एका कॉलेजच्या प्राध्यापकांकडे नेलं. हे गृहस्थ भाषेचे अभ्यासक आणि स्वभावानं फार शांत. ते म्हणाले, शब्द बहुधा उत्तरेकडून आला असावा, आग्रा रस्त्यानं बैलांचा व्यापार पूर्वीपासून चालतो, त्या व्यापाऱ्यांबरोबर उतरला असेल, पण खात्रीनं सांगता येत नाही. तिकडे थांग म्हणजे चोरांचा अड्डा असाही अर्थ आहे. ज्याला अड्डा ठाऊक तोच माल दडवणार आणि शोधायचा झाला तर तोच शोधणार. "जुन्या काळी ही दोन कामं दोन माणसं करत असतील असं मला वाटत नाही, जमादारसाहेब."

"असं कसं?" नाना ताठ बसले. "पोलिस आणि चोर एकच?"

"मी पोलिस म्हणालो नाही."

"माग काढणारा म्हणजे पोलिसच."

प्राध्यापकांनी चहा मागवला. नानांनी तो घेतला नाही. बशी उलटी करून तिच्या पाठीमागचं नाव मात्र वाचलं.

त्यानंतर बैलबाजार. निमाडकडून आलेल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला नानांनी गाठलं आणि मला दुभाषी म्हणून पुढे केलं, खरं तर तिकडची हिंदी नानांना माझ्यापेक्षा बरी समजायची. थांगी कुणाला म्हणतात, असं विचारल्यावर व्यापारी हसला. "हमारे इधर? जिसके घर चोरी का माल पड़ा रहे, वो."

"और पता लगानेवाला?" नानांनी विचारलं.

"वही लगाता है जी. और कौन लगाएगा?"

नाना तिथून तडक निघाले. व्यापारी मला हळूच विचारत होता, बैल घ्यायचा आहे की नाही.

दिवाळीत मी माहेरी जळगावला निघाले तर नाना बरोबर. जळगावचा सराफबाजार मोठा आणि जुना, तिथे हा शब्द कुणाच्या तरी तोंडी असणार, असा त्यांचा तर्क. पाच-सहा पेढ्यांवर जाऊन त्यांनी गादीवरच्या माणसाला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "आपल्याकडे जुन्या सोन्याची मोड घेता तेव्हा ती चोरीची नाही हे कसं ओळखता? आणि पूर्वी अशा लोकांना काय म्हणत?" ऐन दिवाळीत, गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना. एका सराफानं त्यांना अर्धा डझन अनारसे बांधून दिले आणि हात जोडून निरोप दिला. नानांनी अनारसे परत केले, कारण पावती नव्हती.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण तेव्हा मला त्यांची काळजी वाटायची. सत्तरी जवळ आलेला माणूस, आणि जिथे जाईल तिथे एकच उत्तर मिळत होतं. आणखी कुणी असता तर थांबला असता. नाना दर वेळी नवा ठिकाणा शोधून काढायचे. उन्हाळ्यात अक्का आजारी पडली, महिनाभर उठली नाही, तेव्हा भुसावळचा मुलगा आणि नाना आळीपाळीनं गावी जाऊन राहिले. परत आले ते ठरवूनच.

"यंदाच्या पोळ्याला मी वेशीत उभा राहून सांगणार. पुरावा आहे तेवढा आहे. कोशात खालच्या ओळीत का होईना, छापलंय ना? तुम्ही दोघं चला. पंच लागतात दोन."

म्हणून हे आणि मी श्रावणी अमावस्येला पंच होऊन निघालो. पारोळ्यापासून फाट्यापर्यंत एस.टी. होती. पुढे बैलगाडी मिळेल असं मी आदल्या दिवशी ह्यांना सांगितलं होतं, आणि पोळ्याच्या दिवशी गाडीला बैल कोण जुंपणार, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. चिखल तुडवत गेलो. नाना पुढे, धुतलेलं धोतर हातात धरून, तोंडानं भाषण घोकत.

अक्का ओट्यावर बसली होती. आजारानं पार वाळलेली, पण आवाज खणखणीत. भावाला बघून ती उठली नाही, का आलास एवढंच विचारलं.

"भिकन, आज काब्र उना? पोया शे आज."

"पोया शे म्हनीसनच उनू."

तिनं आमच्याकडे बघितलं, मग त्याच्या धोतराकडे. सगळं ओळखलं तिनं. "वेसवर भाषन नको ठोकजो. मन्ही शेळी उपाशी राही." एवढं बोलून ती आत गेली. मी मागोमाग गेले. चुलीवर खापर पालथं तापत होतं, आणि पाटावर मातीची बैलजोडी मांडलेली होती. अक्का दोन हातांवर पोळी फिरवत मोठी करत होती, इतकी मोठी की माझ्या घरातल्या एकाही ताटात मावली नसती. पुरण दोन बैलांपुरतंच होतं.

दुपार कलली तसे वेशीत बैल जमले. गोंडे, बाशिंगं, घुंगरमाळा, रंगानं चकाकणारी शिंगं. मानाचा बैल उखाआबांचा. उखाआबा म्हणजे गावातले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ, ऐंशी ओलांडलेले, पण कासरा अजून स्वतःच धरायचे. त्यांचा बैल ज्या गल्लीत शिरेल तिथे बाकीचे जातात. नाना जाऊन बरोबर त्या बैलाच्या पुढ्यात, तोरणाखाली उभे राहिले. वाजंत्री थांबली.

"ग्रामस्थहो," नानांनी सुरुवात केली. ती सरकारी मराठीत होती. "थांग या शब्दाचा मूळ अर्थ माग असा आहे. त्यावरून थांगी, म्हणजे माग काढणारा. हिंदी कोशात हा अर्थ आजही उपलब्ध आहे." ते आग्रा रस्त्यानं खाली उतरले, निमाडातून गेले, कोशातल्या खालच्या ओळीपाशी आले. लोक एकमेकांकडे बघत होते. त्यातल्या बऱ्याच जणांना थांगी म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. त्या गल्लीत बैल न्यायचा नसतो, एवढंच त्यांना माहीत. मागून एका तरण्या गड्यानं आवाज दिला, "नाना, आवरा आते, बैल तापी राह्यनात."

"आवरतो. तर माझे वडील या मूळ अर्थानं थांगी होते. हरवलेल्या जनावराचा पत्ता लावून..."

"भिकन," उखाआबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण नाना थांबले.

"तुन्हा बाप थांगीच व्हता रे. मी धाकला व्हतू, पन मी दखेल शे. आम्हना ढवया बैल चोरीमा गया. मन्हा बाप रोज तुन्हा बापना दारले जाये, हात जोडे. तुन्हा बाप सांगे, दखस, पत्ता लावस. आन ढवया तठेच, भीतना पल्याड हंबरे. मन्हा बाप तो आवाज वळखे. तरी हात जोडे."

एका बैलानं मान हलवली तेवढीच घुंगरं वाजली. मला प्राध्यापकांचं बोलणं आठवलं, बाजारातला व्यापारी आठवला. तो शब्द कुठेच बिघडला नव्हता. पत्ता लावतो म्हणणारा आणि भिंतीमागे बैल बांधून ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो नानांचा बाप होता. मला वाटलं, आता नाना पुरावा मागतील. पण पोलिसातली सगळी नोकरी त्यांनी साक्षीदार पारखण्यात घालवली होती. खरं बोलणारा माणूस त्यांना कळत होता.

नानांनी शर्टाची वरची गुंडी लावली. मग उखाआबांच्या समोर गेले, आणि या वेळी सरकारी मराठी नव्हती.

"आबा, तुम्हनं खरं शे. मन्हा बाप थांगी व्हता. मी जमादार व्हतू, मन्हा हातमा येता तर मीच बेड्या घालतू. त्याना गुन्हा मी पुसत नही." त्यांनी गल्लीकडे बोट केलं. "पन अक्का तवय इतली व्हती." त्यांनी हात गुडघ्याच्या जरा वर धरला. "तिले सोतानी वेनी घालता ये नही. तिना वर कोनतं कलम शे, आबा? त्याले शिक्षा व्हयनी, तो भोगीसन मरी गया. हाई कोना गुन्हानी शिक्षा भोगी राह्यनी?"

उखाआबा बैलाच्या वशिंडावर हात फिरवत राहिले. "मन्हा बाप मरताना सांगी गया," ते शेवटी म्हणाले. "त्या दारवर बैल नको नेजो."

"मी थांबस," नाना म्हणाले. "तुम्ही सांगा तवलोंग आठेच उभा राहस."

आणि ते खरोखर उभे राहिले. बाजूला झाले नाहीत, हात जोडले नाहीत. गावचे सगळे बैल त्यांच्यामागे अडकलेले, लोक कुजबुजत होते, आणि सत्तरीचा तो माणूस तोरणाखाली खांबासारखा. आमचे हे पंच असल्याचं आठवून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, मग मीही गेले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मला तो फार वाटला.

"मन्हा बापनी त्या दारनं नाव लिन्हं व्हतं, अक्कानं नही," उखाआबा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी कासरा ओढला. गल्लीच्या तोंडाशी बैलाला माघारी फिरायची सवय, तो आत शिरेना. आबांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, नानांनी पलीकडून रेटा दिला, आणि तो शिरला.

घुंगरांचा आवाज जवळ आला तरी अक्का बाहेर आली नव्हती. दरवर्षी तो गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत जातो, हे तिला पाठ होतं. बैलाचं तोंड दारात दिसलं तेव्हा ती पिठाच्या हातांनी उंबऱ्यावर आली आणि तिथेच थबकली. पहिली ओरडली ती भावावर, लुगडं तरी बदलू द्यायचं होतं म्हणून. मग तांब्या आणला. बैलाच्या खुरांवर पाणी घालताना तिची नजर बैलाच्या तोंडावरून हलेना आणि अर्धं पाणी उखाआबांच्या पायांवर गेलं. आबा बाजूला सरकले नाहीत.

"भिकन, आठे ये. कुंकू लाव."

नाना पुढे झाले, कोयरी हातात घेतली आणि बैलासमोर नुसतेच उभे राहिले. चोरीचे किती बैल त्यांनी जप्त करून आणले असतील, पण दारात आलेल्या बैलाची पूजा त्यांनी जन्मात केली नव्हती. कुठे लावायचं, एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं. उखाआबांनी त्यांचं मनगट धरलं आणि बोट बैलाच्या कपाळापर्यंत नेलं. तेव्हा नाना रडले. तोंड झाकायला दोन्ही हात मोकळे नव्हते, म्हणून तसेच सगळ्यांसमोर रडले, आणि मीही रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मागे गल्ली भरून बैल उभे होते आणि पोळ्या दोन बैलांपुरत्याच. मी पदर खोचून आत धावले, पण पुरण संपलेलं होतं. नाना आणि आमचे हे पोळीचे तुकडे करायला लागले, आधी हाताएवढे, मग बोटाएवढे. शेवटच्या बैलाच्या तोंडात नखाएवढा कण पडला. त्याच्या मालकापुढे नाना खाली मान घालून उभे होते.

अक्कानं रिकामं ताट उलटं करून झटकलं. "पुढला साल जास्त करसू," ती त्या गड्याला म्हणाली, "पहिला तूच ये." आणि भावाच्या हातातली कोयरी काढून घेऊन ती आत गेली.